डावीकडचं स्टिअरिंग

नव्वदनंतरची पहिली सात-आठ वर्षं बारामतीत माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, पण दुरुस्तीपेक्षा माझी ख्याती भलत्याच गोष्टीसाठी होती. टीव्हीवर विलायती उघडी गाडी दिसली, की ती पडद्याबाहेर जायच्या आत मी तिचं नाव सांगायचो. उघडी म्हणजे कापडी टपाची. टप मागं पाडला की डोक्यावर आभाळ. अशी गाडी मी प्रत्यक्षात एकही बघितलेली नव्हती. एस.टी. स्टँडमागच्या रद्दीवाल्याकडं मला तसल्या गाड्यांचं एक इंग्रजी चित्रांचं पुस्तक मिळालं होतं. त्याला पुठ्ठा नव्हता आणि पहिली वीसेक पानं गायब होती. उरलेली मी पाठ केली. फाटलेल्या पानांवर ज्या गाड्या असतील, त्या माझ्या लेखी जगात झाल्याच नव्हत्या.

दुकानात कायम चार-पाच संच उघडून ठेवलेले असायचे आणि चहा प्यायला आलेली मंडळी माझी परीक्षा घ्यायची. गाण्यात नायक-नायिका वळणावर दिसले की मी म्हणायचो, अल्पाइन. दुसरी आली की मिजेट. खरं-खोटं करायला कुणाकडंच दुसरं पुस्तक नसल्यामुळं मी कधी चुकलो नाही. फक्त एकदा एका रिटायर झालेल्या एस.टी. ड्रायव्हरनं शांतपणे दाखवून दिलं, की मी नावागावासकट ओळखलेली गाडी चालतच नाहीये. मागचा डोंगर पळतोय, आणि गाडी प्लायवूडची आहे. त्यानंतर आठवडाभर मला लोक सुतार म्हणत. एवढ्यावर मी सुधारायला हवा होतो.

एका वर्षी शिमगा झाल्यावर इंदापूर तालुक्यातून एक म्हातारे गृहस्थ दुकानात आले. पांढरं मुंडासं, खांद्यावर घोंगडी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सगळे त्यांना आबा म्हणत. घरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही बंद पडला होता आणि एवढं धूड एस.टी.त घालून आणणं त्यांना जमणार नव्हतं. मी पिशवीत सामान भरलं आणि रविवारी त्यांच्या गावी गेलो.

गाव म्हणजे धरणात गेलेल्या गावाची नवी जागा. रस्ते सरळ, घरं एका मापाची, झाडं अजून पोरवयातली. दोन शेतं ओलांडली की उजनीचं पाणी. जुनं गाव त्या पाण्याखाली होतं. आबांचे वाडवडील मेंढरं राखायचे; आबांनी स्वतःही तरुणपणी राखलेली. आता ऊस होता, मुलं बाहेरगावी नोकरीला होती, आणि घरात दोघंच माणसं: आबा आणि त्यांच्या धाकट्या भावाची बायको. पन्नाशीला आलेली, उंच, कमी बोलणारी बाई. मी तिला वैनी म्हणायला लागलो.

टीव्हीचं मागचं झाकण काढलं तर उंदरानं मेजवानी केलेली. पिक्चर ट्यूबच्या मानेभोवती तांब्याच्या तारेचं एक वेटोळं असतं, त्याला आम्ही योक म्हणतो. पडद्यावरचं चित्र आडवं-उभं पसरवायचं काम त्याचं. उंदरानं नेमकं तेच कुरतडलं होतं. माझ्याकडं नवा योक होता. मी डागकामाची सळई तापत ठेवली आणि आबा समोर बसून बोलायला लागले. मेकॅनिकच्या पाठीला माणसं काहीही सांगतात, हे मला धंद्यात कळलेलं होतं.

जुन्या गावात एक बडा बागाइतदार होता. मुंबईच्या कुठल्याशा वकिलातीतल्या गोऱ्या साहेबानं मायदेशी जाताना विकलेली एक विलायती उघडी गाडी त्यानं हौसेनं आणली होती, आणि आबांचा धाकटा भाऊ, जन्माचा डावखुरा, त्या गाडीवर ड्रायव्हर होता. धरण भरलं त्या पावसाळ्यात सगळं गाव वर आलं. बागाइतदार तर आधीच पुण्याला गेला होता. गाडी तेवढी खाली छपरात राहिली. पाणी वेशीला लागल्यावर भाऊ म्हणाला, गाडी काढून आणतो. गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवशी छप्पर पाण्याखाली होतं. माणूस मिळाला नाही, गाडी मिळाली नाही, चप्पलसुद्धा तरंगून वर आली नाही.

याला सोळा वर्षं झाली होती. बारा वर्षं वाट बघून माणूस आला नाही, तर पळसाच्या पानांचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात. मग सुतक, दहावं, आणि मग त्याच्या बायकोनं कुंकू पुसायचं. वैनीनं चार वर्षं नको म्हणून काढली. या वर्षी ती काहीच बोलली नव्हती, आणि भावकीनं न बोलण्याचा अर्थ हो असा काढला होता. चैत्रातल्या अमावस्येचा दिवस धरला होता, म्हणजे तीन दिवसांनी अक्षय्य तृतीयेला, सगळे आपापल्या पितरांच्या नावानं पाण्याचा करा भरतात तेव्हा, त्याच्याही नावाचा भरता आला असता. आबा म्हणाले, सोळा वर्षं भाऊ तहानलेला आहे.

वैनी उंबऱ्याजवळ ज्वारी निवडत होती. तिचा हात या सगळ्यात एकदाही थांबला नाही.

योक बसला. आता चित्र बघायचं. मेकॅनिक बसतो टीव्हीच्या पाठीमागं आणि चित्र उमटतं पुढं, म्हणून आम्ही समोर एक आरसा टेकवून ठेवतो आणि त्यात बघून मागचे पेच फिरवतो. माझा आरसा मी दुकानात विसरलो होतो. वैनीनं तिचा कुंकू लावायचा हातभर आरसा आणून दिला. मी तो पडद्यासमोर पाटावर उभा केला. बटण दाबलं. कुठलीशी जाहिरात चालली होती, आणि आरशात तिची अक्षरं अशी खणखणीत वाचता आली, की मी स्वतःवरच खूश झालो. झाकण लावलं, हात पुसले आणि चहासाठी पुढं येऊन बसलो.

जाहिराती संपून सिनेमा पुढं सुरू झाला. मी तो पूर्वी थिएटरात बघितलेला होता, धरण भरल्यावर तीन-चार वर्षांनी. लग्नाचा प्रसंग होता, होमाभोवती नवरा-नवरी फिरत होती. वैनीचा हात सुपात थांबला. ती हळूच म्हणाली, "ही उलट्या फेऱ्या घालत्यात."

मी बघितलं न बघितल्यासारखं केलं. उलट्या फेऱ्या चितेभोवती घालतात, एवढं मलाही माहीत होतं. पण सिनेमावाल्यांना कुठं काय कळतं, असं काहीतरी मी बोललो असेन. नवरीचा पदर उजव्या खांद्यावर होता. भटजी डाव्या हातानं अक्षता टाकत होते. तेवढ्यात पडद्यावर ती आली आणि मी सगळं विसरलो.

उघडी गाडी. लांब बोनेट, मागं माशाच्या परासारखी दोन टोकं. "रॅपिअर," मी म्हणालो. आणि पुढच्या क्षणाला उठून पडद्याला नाक लावलं, कारण स्टिअरिंग डावीकडं होतं. विलायतेत स्टिअरिंग आपल्यासारखंच उजवीकडं. डावीकडचं फक्त अमेरिकेला वगैरे पाठवायच्या गाड्यांना. मी भाषणच ठोकलं: उघडी रॅपिअर मुळातच दुर्मिळ, त्यात डाव्या स्टिअरिंगची, आपल्या देशात असलीच तर एखादी. नंबरप्लेटही दिसली, पण तिची अक्षरं काही केल्या लागेनात. मी सिग्नलला दोष दिला.

आबांना पडद्यावर फक्त उजेड-अंधार दिसत होता. त्यांनी विचारलं, "चाक कुठल्या अंगाला म्हनला?"

"डाव्या."

आबांच्या हातातली बशी कलली. "आमच्या बागाइतदाराच्या गाडीचं बी डावीकडंच हुतं. गोऱ्या सायबाची ती."

इथं एखादा शहाणा माणूस चहा संपवून उठला असता. मी प्रश्न विचारायला लागलो. गाडीला मागं अशी टोकं होती का? आबा म्हणाले, असतील. पुढं दोन गोल दिवे? व्हय, दिवे तर होतेच. टप कापडी? कापडीच की. सिनेमा धरणानंतरचा, ही गोष्ट मी पुनःपुन्हा सांगितली. म्हणजे गाडी बुडाली नाही. म्हणजे कुणीतरी ती मुंबईला नेली. एवढं बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की खोलीत माझ्याशिवाय कुणी बोलत नाहीये.

पडद्यावर गाडी बंगल्यासमोर थांबली. ड्रायव्हर उतरला. टोपी घातलेला, पाठमोरा. त्यानं दार धरलं, नायक आत बसला, आणि ड्रायव्हरनं खांद्यावरचं फडकं घेऊन मान पुसली. डाव्या हातानं.

वैनी उठून उभी राहिली. मांडीवरचं सूप खाली गेलं आणि ज्वारी घरभर झाली. ती कुणाकडंच न बघता म्हणाली, "डावखुरा हाय."

त्याच वेळी लाइट गेली. काळ्या पडद्यावर मधोमध एक पांढरा ठिपका काही वेळ राहिला, आणि आम्ही तिघं त्या ठिपक्याकडं बघत राहिलो.

पुतळ्याचा बेत थांबला. आबांनी भावकीला सांगितलं, बारामतीचे मिस्त्री तपास काढणार आहेत. मी खरंच तसं कबूल करून आलो होतो. एस.टी.च्या खिडकीत बसून मी आपल्याला पेपरात छापून आल्याचंसुद्धा बघितलं.

बारामतीला व्हिडिओ लायब्ररीतून मी त्या सिनेमाची कॅसेट आणली. चित्र थांबवून नंबरप्लेट वाचायची आणि नंबरावरून मालक शोधायचा, असा माझा बेत होता. दुकानातल्या रंगीत टीव्हीला व्हीसीआर जोडला, लग्न पुढं ढकललं, गाडी आली, बटण दाबलं.

स्टिअरिंग उजवीकडं होतं.

मी कॅसेट मागं नेली. नवरा-नवरी सुलट्या फेऱ्या घालत होती. नवरीचा पदर डाव्या खांद्यावर. ड्रायव्हर उतरला आणि उजव्या हातानं मान पुसू लागला. मी त्याला तसाच थांबवून ठेवला. व्हीसीआरवर थांबवलेलं चित्र जरा थरथरतं. तो माणूस मानेशी हात नेऊन थरथरत उभा होता, आणि त्याच्याकडं बघत असताना मला तो हातभर आरसा आठवला. आरशात अक्षरं उलटी दिसायला हवीत. माझ्या आरशात ती सुलट दिसली होती. म्हणजे पडद्यावर उलटी होती. योकच्या आडव्या चित्राच्या दोन तारा मी अदलाबदल करून जोडल्या होत्या. लाल जिथं जायची तिथं निळी. या धंद्यात पहिल्या महिन्याचं पोरगंही आरशात अक्षरं वाचता आली की सळई पुन्हा तापत ठेवतं, आणि मी चहा मागवला होता.

त्याच दिवशी जाऊन सांगायला हवं होतं. मी गेलो नाही. पाडवा गेला. आबांचा निरोप आला, तपास कुठवर आला. मी उत्तर पाठवलं, चाललाय. रोज दुकानात बसून मी वाक्यं जुळवायचो. मधेच मला वाटायचं, त्यांच्या लक्षात येईलच की, बातम्यांत अक्षरं दिसतात. मग आठवायचं, आबांना दिसत नाही आणि वाचताही येत नाही. दुकानात गाडी दिसली तरी मी तोंड उघडेना. मंडळींना वाटलं मला कावीळ झाली असावी.

अमावस्येच्या आदल्या दिवशी मी गेलो. आबा बाजाराला इंदापूरला गेले होते. दार उघडं होतं, आतून बातम्यांचा आवाज येत होता. मी वाकून आत बघितलं.

वैनी टीव्हीकडं पाठ करून भिंतीसमोर बसली होती. हातात तो आरसा, डोळ्यांसमोर धरलेला. तिच्या मागं पडद्यावर उलट्या अक्षरांच्या बातम्या चालल्या होत्या, आणि ती खांद्यावरून आरशात त्या बघत होती. माझीही छबी आरशात आली असणार, कारण मागं न बघताच ती म्हणाली, "या मिस्त्री. काढला व्हय तपास?"

मी चप्पल काढून आत आलो.

"असं धरलं की समदं सरळ दिसतंय," ती म्हणाली. "कुंकू लावताना ध्यानात आलं. पंधरा दिस झालं त्याला."

मी खाली बसलो. चूक माझी आहे, दोन तारांची आहे, आत्ता दोन मिनिटांत सरळ करून देतो, असं काहीबाही बोललो आणि टीव्हीच्या मागं सरकायला लागलो. ती उठून टीव्हीच्या आड उभी राहिली.

"ऱ्हाऊ द्या तसाच."

"पण वैनी, तो माणूस—"

"उजवा हाय. कळलंय मला. दुसराच कुनी हाय त्यो." तिनं आरसा पालथा घातला. "पर त्यानं मान पुसली तवा मी उठून उभी ऱ्हायली का न्हाय? म्हंजी माझ्या जिवानं अजून सोडलं न्हाय त्याला. मग कुंकू कसं पुसू? तुमी आबांना आत्ता खरं सांगितलं, तर उद्या पुतळा जाळत्याल."

तपास चाललाय म्हणून सांगा, म्हणाली. इतकंच मागितलं तिनं. संध्याकाळी आबा आले तेव्हा मी त्यांच्या अंधुक डोळ्यांसमोर बसून सांगितलं, की मुंबईला पत्र टाकलंय. आतापर्यंतचं सगळं चुकून झालं होतं. हे मात्र मी समजून-उमजून केलं. निघताना बघितलं तर टीव्हीवर कुणी डाव्या हातानं उलटी आरती ओवाळत होतं आणि आबा आवाजाच्या दिशेनं हात जोडून बसले होते.

अमावस्या तशीच गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी इंदापूरकडून आलेल्या एस.टी.च्या कंडक्टरनं दुकानाच्या दारातून निरोप दिला. "आबांनी बोलवलंय. गाडी घावली म्हनून सांगा."

माझा विश्वास बसेना. क्षणभर वाटलं, मी न टाकलेल्या पत्राला उत्तर आलं की काय.

त्या वर्षी उजनीचं पाणी कधी नव्हे इतकं मागं सरलं होतं. मी पोहोचलो तेव्हा आबा, वैनी आणि भावकीतली चार-पाच माणसं निघायच्या तयारीत होती. मासे धरणाऱ्यांनी पहाटे काहीतरी बघितलं होतं. आम्ही शेतं ओलांडून काठाला आलो, पण काठ तिथं नव्हता. भेगाळलेला गाळ लांबवर पसरला होता, आणि त्यातून एक रस्ता खाली जात होता. खराखुरा रस्ता, दोन्ही बाजूंना लिंबाची काळी खोडं. आबांना दिसत नव्हतं, पण त्या रस्त्यावर पाय पडल्यावर त्यांनी काठी काखेत घेतली आणि ते सरळ चालायला लागले. हितं वळण हाय, असं म्हणून वळलेही. घरांची जोती, एक उंबरा, पाणी प्यायची डोणी. परक्याच्या घरात शिरल्यासारखं सगळे हळू पाय टाकत होते, आणि खरं तर मी सोडून सगळ्यांचं ते घरच होतं.

तीन खांब उरलेलं छप्पर होतं. त्याच्या पुढं, वेशीकडं तोंड करून, गाडी उभी होती.

चाकं गाळात, टपाच्या नुसत्या वाकलेल्या कांबी. पाठ गोल. मागं टोकं नाहीत, पर नाहीत, काही नाही. पुढचे दिवे मडगार्डच्या गालात बसवलेले. मायनर. डाव्या स्टिअरिंगची, उघड्या टपाची मायनर. आयुष्यात पहिल्यांदा मी खरी उघडी गाडी बघत होतो, पहिल्यांदाच ती बरोबर ओळखली होती, आणि तिचं नाव कुणालाही नको होतं.

आबा चाचपत पुढं झाले. त्यांचा हात दारावरून आत गेला, गंजलेलं चाक त्याला लागलं आणि हात तिथंच राहिला. मग ते माझ्या दिशेनं वळले. "चाक तर हितं हाय, मिस्त्री. मग टीव्हीत कुनाचं हुतं?"

मी सांगितलं. तारांचं, आरशाचं, कॅसेटचं, न टाकलेल्या पत्राचं. वैनीला ते ठाऊक होतं, एवढं सोडून सगळं. भावकीतला एक जण हसला आणि लगेच गप्प झाला.

आबा म्हणाले, "म्हंजी दोन तारांवर तुमी माझा भाऊ म्हमईला फिरवून आनला."

त्यांनी पुन्हा चाकाकडं तोंड केलं.

गाडीत बैठकीपर्यंत गाळ भरला होता. दोघांनी फावड्यानं तो उपसला. आम्ही सगळे दुसरीकडं बघत उभे होतो. फावडं तळाच्या पत्र्याला लागल्याचा आवाज आला. आत काही नव्हतं. हाड नाही, कापड नाही, किल्लीही नाही.

वैनी तोवर लांब उभी होती. आता ती स्टिअरिंगच्या बाजूला आली. त्या बाजूचं दार सताड उघडं होतं, बिजागऱ्या गंजून तशाच धरलेल्या. तिनं दार हलवून बघितलं. हललं नाही.

"मिस्त्री, तुमाला गाड्यांचं कळतंय," ती म्हणाली. "ह्ये दार पान्यानं उघडलं का त्यानं?"

मी खाली बसून बघितलं. बिजागरी बघितली, खिटी बघितली. सगळे माझ्याकडं बघत होते. पाण्याच्या लोटानं उघडलं म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी पळसाची पानं आली असती. त्यानं उघडलं म्हटलं असतं, तर सोळा वर्षं कुठं होता, हा प्रश्न तिला जन्मभर पुरला असता. माझ्या तोंडाशी उत्तर तयारही होतं. उत्तरं माझ्या तोंडाशी नेहमीच तयार असायची.

"नाही सांगता येत, वैनी," मी म्हणालो.

तिनं मान हलवली, जणू हेच तिला हवं होतं.

आबांनी विचारलं, "आता तरी?"

"दार उघडं हाय, आबा."

वाऱ्यानं लांबचं पाणी हलत होतं. आबा चाकावर हात ठेवून उभे होते. मग म्हणाले, "आनि परवा आखितीला त्याचा करा?"

"भरते की. तहान काय मेलेल्यालाच लागती?"

अक्षय्य तृतीयेला तिनं तसंच केलं, असं मला नंतर कळलं. कपाळावर कुंकू ठेवून त्याच बाईनं त्याच माणसाचा करा भरला, आणि पाणी घागरीनं त्या गाडीजवळून आणलं. भावकीत कुजबुज झाली. पण पुढं काय म्हणायचं ते कुणालाच ठरवता आलं नाही.

आम्ही वर आलो तेव्हा दुपार कलली होती. आबा ओसरीवर बाजेवर आडवे झाले. मी पायांचा गाळ धुऊन निघालोच होतो, तर वैनी म्हणाली, टीव्ही तेवढा सरळ करून जा. मी झाकण काढून मागं बसलो. पाटावर आरसा टेकवायला गेलो तर तिनं तो घेतला आणि पडद्यासमोर स्वतः धरून उभी राहिली. माझ्या पाठीला परसदार होतं; ऊन तिथून आत येत होतं. तारा काढल्या, लाल लालच्या जागी, निळी निळीच्या. बटण दाबलं. आरशात अक्षरं उमटली, उलटी. म्हणजे बरोबर.

तिचा हात जरा कलला असेल. आरशातला पडदा बाजूला सरकला आणि माझ्या मागचं परसदार दिसायला लागलं. दारात, उन्हाला पाठ करून, एक माणूस उभा होता. तोंड अंधारात. खांद्यावरच्या फडक्यानं तो मान पुसत होता. उजव्या हातानं. आबाच, मी मनात म्हणालो, उठून मागं आले असतील. मग माझ्या डोक्यानं, महिनाभर ज्याचा पाढा घोकला होता तो हिशेब आपोआप मांडला: आरशात उजवा, म्हणजे खरा डावा.

मी वळून बघितलं नाही. ओळखायचा एवढा नाद असलेला माणूस मी, पण वळलो नाही. आरसा पुन्हा सरळ झाला आणि त्यात नुसत्या उलट्या बातम्या राहिल्या. पुढच्या ओसरीवर कुणीतरी खोकलं. आबा असतील.

"दिसतंय का वैनी, सरळ?" मी विचारलं.

ती पडद्याकडं बघत होती. "दिसतंय," ती म्हणाली. "पर आता समदी परकी दिसत्यात."

मी झाकणाचे पेच आवळायला घेतले. चारातले दोनच बसले. परसदार बंद करून घेऊ का, म्हणून मी तिला विचारलं.

"ऱ्हाऊ द्या उघडं," वैनी म्हणाली.